ना धड इथले, ना धड तिथले? अमेरिकेतल्या मराठी घरांतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास आमची रविवारची मराठी शाळा भरते. मोठ्यांचा वर्ग माझ्याकडे असतो, म्हणजे १२ ते १७ वयाची मुलं. वर्ग दोन तासांचा; त्यानंतर पार्किंगमध्ये पालकांचा जो वर्ग भरतो तो बऱ्याचदा त्याहून लांबतो. तिथे दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. काही आईबाबांचे आहेत, काही आजी-आजोबांचे, काही खुद्द मुलांचे (ते इंग्रजीत आले होते, मराठी मी केलंय). मी मानसशास्त्रातली तज्ज्ञ वगैरे नाही. दोन मुलं इथे वाढवली आणि बरीच वर्षं दुसऱ्यांची शिकवली, एवढंच भांडवल.

मुलाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. काय करावं?

"जेवायला चल रे." "कमिंग, फाइव्ह मिनिट्स." हा संवाद आपल्यातल्या बहुतेक घरांत रोज रात्री होतो, तेव्हा आधी स्वतःला दोष देणं थांबवा. अलेहान्द्रो पोर्तेस आणि रूबेन रूम्बाट या समाजशास्त्रज्ञांनी १९९२पासून मायामी आणि सॅन डिएगो भागातल्या पाच हजारांहून जास्त स्थलांतरितांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्या शहरांत दुकानात, बसमध्ये, टीव्हीवर सगळीकडे स्पॅनिश ऐकू येतं, तिथल्या मुलांचाही ओढा इंग्रजीकडेच वाढत गेला. मग चार भिंतींतल्या मराठीची काय कथा!

पण एक चूक आपण हमखास करतो. मूल मराठीत बोलायला तोंड उघडतं आणि आपण हसतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरात बोलायला बाबा आणि दादाच जास्त, त्यामुळे ती "मी आलो", "मी जातो" म्हणायची. एका हळदीकुंकवाला ती तसं बोलली आणि पंधरा बायका एकदम खिदळल्या. त्यानंतर चारचौघांत मराठी बोलायला ती दोन वर्षं तयार नव्हती. गंमत म्हणजे कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका आयुष्यभर "मी आलो"च म्हणतात, त्यांना कुणी हसत नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

उपाय म्हणाल तर मराठीवाचून अडेल असं एखादं काम मुलाच्या गळ्यात घाला. आमच्याकडे शनिवारी सकाळी नऊला आजीचा फोन असतो. उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. नियम एकच, त्या वेळी आईबाबांनी खोलीत थांबायचं नाही. आपण शेजारी बसलो की दुभाषे होतो आणि आजी-नातवाचं बोलणं आपल्याच तोंडून होतं. बाजूला व्हा. पहिले दोन महिने "कशी आहेस, बरी आहे"च्या पुढे गाडी जाणार नाही. मग एक दिवस खोलीतून हसण्याचा आवाज येईल.

मोठा बाराव्या वर्षी पुण्याहून आला, धाकटी इथेच जन्मली. एकाच घरातली दोघं इतकी वेगळी कशी?

कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. मोठ्याला अभ्यासक 'दीड पिढी' म्हणतात. हा शब्द रूम्बाटांनीच रुळवला. म्हणजे आईबापांसारखा स्वतःहून आलेला नाही, आणि बहिणीसारखा इथला जन्मही नाही. त्याचं क्रिकेट सुटलं, सोसायटीतली पोरं सुटली, वर्गात पहिला येण्याचा मान सुटला. इथे त्याच्या उच्चारांवरून त्याला 'फॉब' (फ्रेश ऑफ द बोट, म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला) म्हणणारी मुलं बऱ्याचदा आपलीच, इथे जन्मलेली भारतीय मुलं असतात. (तीच मुलं पुण्याला गेली की त्यांना 'एबीसीडी' (अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी) म्हणतात. हिशोब चुकता.)

अशा मुलाला "बघ, बहीण किती छान मिसळली" असं म्हणू नका. त्याचं काहीतरी गेलंय आणि त्याचं दुःख कुणी विचारलेलंच नाही. धाकटीचं काही सुटलेलं नाही, पण तिला घरातल्या गप्पांमधलं अर्धं जग फक्त ऐकून माहीत आहे. तो आठवणीने बेजार, ती आठवणीविना.

मी इंडियन की अमेरिकन? (वय १४)

फॉर्मवर काय लिहू असं विचारत असशील, तर 'एशियन इंडियन' हा चौकोन अमेरिकेच्या जनगणनेत १९८०मध्ये आला. १९७०च्या गणनेत भारतीयांची नोंद गोऱ्यांमध्ये होत होती. तेव्हा त्या चौकोनावर फार जीव टाकू नकोस.

मनातलं विचारत असशील तर उत्तर जरा लांब आहे. जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या स्थलांतरित किशोरवयीनांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध केला. त्यात काही मुलं फक्त घरच्या संस्कृतीला धरून होती, काही पूर्णपणे नव्या देशाची झाली होती, काहींचा पाय कुठेच टेकला नव्हता आणि सर्वांत मोठा गट दोन्हीकडचं धरून ठेवणाऱ्यांचा होता. मनाने आणि शाळेतल्या वावरात एकंदरीत बरं चाललं होतं ते या शेवटच्या गटाचं. आपल्याकडे दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो असं म्हणतात. या बाबतीत म्हण चुकते.

डब्यात काय द्यावं? पोळीभाजी परत येते.

परत येते ते नशीब. माझी मुलगी सहावीत असताना तिच्या दप्तराच्या तळाशी मला फॉइलमध्ये गुंडाळलेले चार दिवसांचे चार पोळीचे रोल सापडले. मेथीचे. वासाची कल्पना करा. मी आरडाओरडा केला, अन्नाला पाय लागण्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि आठवडाभराने कळलं की जेवणाच्या टेबलावर कुणीतरी रोज नाक दाबून धरत होतं.

सँडविच द्या. डबा ही परंपरा नव्हे, तो नुसता डबा आहे. मेथी रात्री घरी खाऊ द्या. एडिसनमध्ये आता अर्धं टेबल आपल्याच मुलांचं असतं आणि तिथे इडलीची देवाणघेवाण चालते; पण वर्गात एकटंच भारतीय मूल असेल अशा गावात त्याला रोज दुपारी झेंडा घेऊन उभं करू नका.

शिक्षकांना नाव उच्चारता येत नाही. सोपं नाव ठेवू का?

मुलाला विचारलंत का? हजेरी घेताना बाई मध्येच थबकल्या की मृण्मयीला कळतं, हे थबकणं आपल्यासाठी आहे. म्हणून ती बाईंनी प्रयत्न करायच्या आतच "हिअर!" म्हणून मोकळी होते. हे मी किती मुलांकडून ऐकलंय! काहींना मित्रांनी दिलेलं छोटं नाव खरंच आवडतं, काहींना ते टोचतं पण बोलता येत नाही. दोन्ही ठीक, निवड त्यांची हवी. आपणच घाबरून पाळण्यातल्या बाळाचं 'नील' करून ठेवतो, तो भाग वेगळा.

मुलं विचारतात तेव्हा मी वराडकरांचं उदाहरण देते. मालवण तालुक्यातलं वराड हे गाव. तिथलं मूळ घर असलेल्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९च्या डिसेंबरात वराडला घरी जाऊनही आला. तोवर अख्ख्या आयर्लंडला ते आडनाव पाठ झालं होतं.

गणपतीला, दिवाळीला शाळा बुडवली तर चालेल का?

न्यू जर्सीत चालतं. धार्मिक सणासाठी घेतलेली सुट्टी पालकांच्या चिठ्ठीवर माफ होते आणि तिच्यामुळे हजेरीचं बक्षीसही बुडत नाही. राज्य दर वर्षी अशा सणांची यादी काढतं, त्यात आपले बरेच सण असतात. न्यूयॉर्क शहरात तर २०२३च्या कायद्यानंतर सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टीच सुरू झाली.

खरी अडचण गणपतीची आहे. तो नेमका शाळा सुरू होताना येतो, पहिल्या चाचण्या, खेळांच्या निवड चाचण्या, सगळं त्याच वेळी. आमच्याकडचा गणपती दीड दिवसाचाही नाही आणि पाच दिवसांचाही नाही, तो शनिवार-रविवारचा आहे. विसर्जन मागच्या अंगणात बादलीत. शाडूची छोटी मूर्ती दोन दिवसांत विरघळते आणि ते पाणी आमच्या टोमॅटोला जातं. सासूबाईंनी पहिल्या वर्षी कपाळाला हात लावला होता. आता फोनवर टोमॅटो कसे आलेत ते विचारतात.

मंडळाच्या कार्यक्रमाला यायचा मला भयंकर कंटाळा येतो. यावंच लागतं का? (वय १६)

तुझं चूक नाही. आठवून बघ, तू तिथे काय करतोस? कुडता घालतोस, मागच्या रांगेत बसतोस, चार काकांना "कितवीत आहेस" याचं उत्तर देतोस, एका काकूंना वाकून नमस्कार करतोस आणि चार तास फोन बघतोस. मलाही कंटाळा आला असता.

हे उत्तर खरं तर तुझ्या आईबाबांसाठी आहे. आपण मुलांना परंपरेचे प्रेक्षक करून ठेवतो आणि मग त्यांना रस नाही म्हणून कुरकुरतो. आपल्या लहानपणी आपण प्रेक्षक नव्हतो. मांडवाला खिळे ठोकले, वर्गणीला दारोदार फिरलो, आरतीत झांज वाजवण्यावरून भांडलो. काम होतं म्हणून गंमत होती.

आमच्या मंडळातला हाच वयोगट ढोल-ताशा पथक सुरू झाल्यावर सगळ्यांच्या आधी यायला लागला. ढोल कंबरेला बांधल्यावर तो किती जड असतो हे पहिल्या दिवशी कळतं. दुसऱ्या दिवशी टिपरू धरणाऱ्या हाताला फोड येतात. तिसऱ्या आठवड्यात पोरं स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटांनी ताशाची तर्री वाजवत असतात आणि आई ओरडत असते. त्यांतल्या दोघांना मराठीत धड वाक्य जमत नव्हतं, पण "हात बदल", "थांब, आता तू घे" हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पथकात एक चिनी वंशाचा वर्गमित्रही येतो. त्याचा ठेका आमच्या मुलांपेक्षा पक्का आहे, आणि मिसळणं म्हणजे आपणच तिकडे जाणं नव्हे, हे माझ्या वर्गाला त्याच्याकडे बघून कळलं.

ढोल नको असेल तर मोदक कर. एकाने माझ्याकडे पहिल्यांदा उकडीची पारी केली तेव्हा ती थेट पिझ्झ्याएवढी झाली आणि सारण खालून निघून गेलं. पाण्याचा हात लावून, अंगठा आत ठेवून, बाहेरून दोन बोटांनी एकेक कळी पाडायची, हे नुसतं बघून येत नाही. त्याचा अकरावा मोदक उभा राहिला. तो त्याने कुणाला खाऊ दिला नाही, फोटो काढून आजीला पाठवला.

बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे इथल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था, १९८१पासून उत्तर अमेरिकेत आहे. त्याची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात. २०२२चं अटलांटिक सिटीत झालं, २०२४चं सॅन होजेत. तिथे नेताना मुलाला नुसतं तिकीट काढून देऊ नका. प्रवेशद्वाराशी बिल्ले वाटायला उभं करा, ध्वनियंत्रणेच्या खोलीत पाठवा, काहीही.

मुलीला टिकली लावायची लाज वाटते. आम्ही कुठे कमी पडलो?

कुठेच नाही. आणि लाजेच्या मागे नेहमी हट्टच असतो असं नाही, कधी भीतीही असते. १९८७मध्ये इथून जवळच जर्सी सिटीत स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले. नावातला 'डॉट' म्हणजे भारतीय बायकांच्या कपाळावरची टिकली. मारहाणीत एकाचा जीव गेला. त्या काळात इथल्या कित्येक बायका घराबाहेर पडताना टिकली काढून ठेवत. त्या पिढीच्या मुली आज माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया आहेत. मुलींना हा इतिहास सांगा, सक्ती मात्र करू नका. वर्गात सांगितल्यावर एकीने दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठी लाल टिकली लावून शाळेत फोटो काढला. बाकीच्यांनी काही लावली नाही.

होमकमिंगच्या डान्सला जाऊ द्यावं का? आणि डेटिंग?

जाऊ द्या. शाळेच्या जिममध्ये मोठ्यांच्या देखत होणारा नाच आहे तो. कोण नेणार, किती वाजता परत, फोन चालू ठेवायचा, एवढं ठरवा. आणि हे नियम आई आणि बाबा दोघांनी आधी आपसात ठरवा. आईने हो म्हटलेलं बाबांनी दारात मोडलं की पुढच्या वेळी विचारणंच बंद होतं.

डेटिंगबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. सरसकट "नाही" म्हटल्याने ते थांबत नाही, फक्त तुमच्यापासून लपतं. दप्तरात दुसरे कपडे, मैत्रिणीच्या नावाने सेव्ह केलेला नंबर. मग खरंच काही बिनसलं तर मूल कुणाकडे जाईल? आणखी एक. तुम्ही १९९८मध्ये पुणे सोडलंत, तुमच्या डोक्यातलं पुणे तिथेच थांबलंय. तुमच्या मुलीची कोथरूडची आतेबहीण आज काय काय करते हे तुमच्या मुलीला इन्स्टाग्रामवर दिसतं, तुम्हाला दिसत नाही. "आपल्याकडे असं चालत नाही" म्हटलं की ती मनात हसते.

मुंज करावी का?

मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर त्यालाच विचारा. ज्यू मित्रांचे बार मित्झ्वा (तेराव्या वर्षीचा त्यांचा संस्कार) बघून काही मुलं स्वतःहून तयार होतात. काही विचारतात, बहिणीची का नाही? या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर हॉल बुक करू नका.

मित्राने विचारलं, तुमची कास्ट काय? बाबा म्हणाले, असलं काही आता नसतं. (वय १५)

बाबांना तसं वाटणं चांगलं आहे, पण ते पुरेसं नाही. आडनाव ऐकून "म्हणजे कोकणस्थ का?" असं विचारणारे काका याच पार्किंगमध्ये उभे असतात. मुलं मूर्ख नाहीत, लग्नाच्या गप्पांतून त्यांना सगळं कळतं, फक्त अर्धवट. सिएटलने २०२३मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर झालं आणि गव्हर्नरांनी ते अडवलं. म्हणजे विषय इथेही आलाय. घरी बसून सांगा, आपल्याला काय मिळालं आणि दुसऱ्याला काय नाकारलं गेलं हेही सांगा.

आणि ट्रेनने तासाभरावर न्यूयॉर्क आहे. १९१३मध्ये २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला तिथेच उतरले. विद्यापीठात त्यांचा अर्धपुतळा आहे. मी वर्गाला एकदा घेऊन गेले. 'मराठी परंपरा' म्हणजे लावणी आणि पुरणपोळी यापलीकडेही काही आहे, हे त्या दिवशी मला फार समजवावं लागलं नाही.

आम्ही सहा महिन्यांसाठी येतोय. नातवंडांशी कसं वागावं? (आजी)

आजी, पहिल्या आठवड्यात काही सुधारू नका. नातू दार लावून बसला तर तो उद्धटपणा नसतो, इथे तशीच सवय असते. पत्ते खेळता येतात? झब्बू शिकवा. आणि मुलांना तुमच्या सूनबाईंबद्दल काही विचारू नका, ती मुलं सगळं जाऊन सांगतात.

आम्ही एच-वन व्हिसावर आहोत. याचा मुलांच्या मनावर परिणाम होतो का?

होतो, आणि याबद्दल फारच कमी बोललं जातं. एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या, मुलाला नोकरी करता येत नाही. मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात आणि हा "मला आवडत नाही" म्हणतो. २१ वर्षं पूर्ण झाली की आईबाबांच्या व्हिसावर राहता येत नाही, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की कित्येकांचा नंबर त्याआधी लागत नाही. कॉलेजला केंद्र सरकारची आर्थिक मदतही मिळत नाही. ज्या मुलाला 'हा देश आपलासा कर' असं सांगतो त्याच मुलाला तो कदाचित सोडावा लागेल. हे त्याला नववीत असतानाच सांगा, बारावीत नव्हे. वय मोजण्यात थोडी सवलत देणारा २००२चा कायदा आहे. तो तुमच्या बाबतीत लागू होतो का ते वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

मुलगा अगदी गप्प झालाय. वयाचं आहे म्हणून सोडून द्यावं का?

झोप, जेवण, मित्र, यांतलं दोन-तीन आठवडे काही बिघडलेलं दिसलं तर सोडून देऊ नका. शाळेतल्या समुपदेशकाशी बोला, ते मोफत असतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर ९८८ हा क्रमांक देशभर कुठूनही, दिवसरात्र लागतो. "लोक काय म्हणतील" हा विचार बाजूला ठेवा. त्यातल्या निम्म्या लोकांनी तोच नंबर कधीतरी शोधलेला असतो, सांगत नाहीत इतकंच.

मराठी शिकून कॉलेज प्रवेशाला उपयोग होतो का?

थोडासा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत. काही शालेय जिल्हे बाहेर शिकलेल्या भाषेचं श्रेय देतात, तुमचा देतो का ते तुमच्याच शाळेत विचारा. फक्त त्यासाठीच पाठवणार असाल तर स्पॅनिश जास्त सोयीचं पडेल.

मोठ्यांच्या वर्गात नाव कधी घालता येतं?

सप्टेंबरमध्ये, आणि जागा असेल तर जानेवारीत. मराठी वाचता येत नसलं तरी चालतं. पहिल्या दिवशी मुलाला दारात सोडा आणि तुम्ही कॉफी प्यायला जा. खिडकीतून बघणाऱ्या पालकांना आम्ही खुर्च्या लावायला घेतो.